नजर कोणाच्या मालकीची?

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार आपला रंधा आणि पटाशी पुसून पाटावर मांडतो, शिंपी कात्रीला हळदकुंकू वाहतो, आणि ज्याच्या दारात मोटार असेल तो तिला धुऊन-पुसून झेंडूची माळ घालतो. या पूजेत मला नेहमीच मोठे शहाणपण दिसत आले आहे. हत्यार या शब्दातच हात दडलेला आहे. हाताची पोच जिथे संपते तिथून पुढे हत्यार सुरू होते, आणि ते जितके चांगले असेल तितका ते हातात असल्याचा विसर पडतो. सुतार रंध्याकडे पाहत नाही, लाकडाकडे पाहतो. शिंप्याची नजर कात्रीवर नसते, कापडावरच्या खडूच्या रेघेवर असते. चांगल्या हत्याराची हीच खूण म्हणावी लागेल, की ते माणसाची नजर स्वतःकडे मागत नाही.

ही कसोटी मोटारीला लावून पाहावी, आणि तीही वेगासाठी व चालवण्याच्या निव्वळ आनंदासाठी बांधलेल्या मोटारीला, असे पुष्कळ दिवस माझ्या मनात होते. स्पोर्ट्‌स कार हा शब्द मराठीने आता आपलासा केला आहे. वस्तू मात्र अजून फार थोड्यांच्या दारात उभी असते. तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की मोटारींच्या जगात रीत नेहमी वरून खाली येते. आज जी चाल कोट्यवधींच्या गाडीत दिसते ती काही वर्षांत आपल्या आठ-दहा लाखांच्या गाडीत येऊन बसते. शिवाय वेग हा भिंगासारखा असतो. सावकाश चालणाऱ्या गाडीत जो दोष खपून जातो तो वेगवान गाडीत मोठा होऊन दिसतो.

पूर्वीच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये चालकापुढे काय असे? गोल तबकड्या, त्यांवर फिरणारे काटे, फिरवायच्या खुंट्या आणि ‘खट्’ असा आवाज करणारे खटके. 1963 साली प्रथम जगापुढे आलेल्या पोर्श 911 मध्ये मधोमध मोठी तबकडी असे ती इंजिनाच्या फेऱ्यांची, आणि किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला. 2024 सालच्या नव्या आवृत्तीत त्या काट्याच्या जागी काट्याचे चित्र आले आणि किल्ली फिरवण्याच्या जागी बटण आले. फेरारीने 2019 च्या एसएफ 90 मध्ये स्टिअरिंगवरची पुष्कळशी बटणे काढून तिथे नुसत्या स्पर्शाने चालणारे गुळगुळीत पृष्ठभाग दिले. त्याआधी, 2012 साली, टेस्ला कंपनीने आपल्या गाडीत मधोमध 17 इंचांचा काचेचा पडदा बसवला होता आणि जवळजवळ सारे कारभार त्याच्या हवाली केले होते. मग एकाने केले म्हणून दुसऱ्याने केले. वाऱ्याची दिशा बदलायची तरी काच, गारवा कमी करायचा तरी काच. काच सुंदर दिसते, यात वाद नाही. गाडी दुकानात उभी असते तेव्हा तर ती फारच सुंदर दिसते.

आता स्वयंपाकघरात या. फोडणी करणाऱ्या गृहिणीचे लक्ष कढईकडे असते. तेल तापले की नाही, मोहरी तडतडली की नाही, हे पाहण्यात तिचे डोळे गुंतलेले असतात; आणि हात आपणहून मिसळणाच्या डब्याकडे जातो, मोहरीची वाटी कोणती आणि जिऱ्याची कोणती हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. हात हे कसे शिकला? वाट्यांनी आपल्या जागा सोडल्या नाहीत, म्हणून शिकला. समजा, उद्या कोणी असा डबा काढला, की ज्याचे झाकण गुळगुळीत आहे, वाट्या झाकणावर नुसत्या चित्रात दिसतात, आणि हळद हवी असेल तर आधी ‘मसाले’, मग ‘पूड’ आणि मग ‘पिवळी’ अशी तीन चित्रे दाबावी लागतात. डबा कितीही झळाळणारा असो, फोडणी करपणार. पेटी वाजवणाराही गवयाच्या तोंडाकडे पाहत असतो, पट्ट्यांकडे नव्हे. बोटांना ठाऊक असते म्हणून डोळे मोकळे राहतात, आणि डोळे मोकळे असतात म्हणून साथ जमते.

या प्रश्नाचा विचार करायला मला वेरूळइतकी सोयीची जागा दुसरी सापडली नाही. शिल्पासाठी सारे जग तिथे येते. पण तिथून तासाभराच्या अंतरावर मोटारी जुळवण्याचा उद्योगही आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला 2001 साली स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. ऑक्टेव्हिया ही पहिली. पुढे ऑडीच्या गाड्याही तिथे जुळू लागल्या. आणि 2010 च्या ऑक्टोबरात याच शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा मराठवाड्याच्या या गावाचे नाव देशभर गाजले होते. तेव्हा मोटारीची हौस इथे परकी नाही. पण त्याच शहरातून वेरूळला जाणारा जो रस्ता आहे, दौलताबादच्या किल्ल्याला वळसा घालून घाट चढणारा आणि खुलताबादवरून उतरणारा, त्यावर श्रावणातल्या शनिवारी निराळेच दृश्य असते. खुलताबादच्या भद्रा मारुतीला निघालेली माणसे रात्रीपासून पायी चालत असतात. म्हाताऱ्या बाया असतात, कडेवर मूल घेतलेले बाप असतात, अनवाणी पोरे असतात. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री तर हा रस्ता माणसांनी फुलून जातो.

अशाच एका श्रावणात माझा पुतण्या आम्हा उभयतांना त्याच्या नव्या, चपळ गाडीतून वेरूळला घेऊन निघाला होता. घाट चढताना त्याची काकू मागून म्हणाली, “अरे, ते गार वारं जरा कमी कर रे, खांदे आखडले माझे.” पुतण्या मोठा आज्ञाधारक. त्याने काचेवर बोट टेकले. एक चित्र गेले, दुसरे आले. रस्त्याला हिसका होता, बोट सरकले आणि गारव्याऐवजी गाणे मोठे झाले. त्याने पुन्हा खाली पाहिले. मी मोजत होतो: वळण घेणाऱ्या गाडीत त्याची नजर तीन वेळा रस्ता सोडून काचेवर गेली. डाव्या हाताला कडेने माणसे चालत होती. काही झाले नाही. गारवा कमी झाला, काकूने दुवा दिला, आणि आम्ही सुखरूप पोचलो. परंतु त्या तीन वेळांत त्या चालणाऱ्या माणसांकडे कोण पाहत होते, हा प्रश्न मात्र मनातून जाईना.

हिशेब साधा आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर पुढे जाते. तीन सेकंदांत 83 मीटर. वेरूळच्या कैलास लेण्याचे अंगण लांबीला साधारण तेवढेच आहे. तीन सेकंद काचेकडे पाहणे म्हणजे डोळे मिटून कैलासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणे. आणि तीन सेकंद ही तर किमान गोष्ट झाली. स्वीडनमधल्या ‘व्ही बिलेगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने 2022 साली 11 नव्या गाड्या आणि 2005 सालची एक जुनी व्होल्व्हो यांची परीक्षा घेतली. गाडी ताशी 110 किलोमीटर वेगाने चालवत चालकाने चार साधी कामे करायची होती: बसण्याच्या जागेची ऊब वाढवणे, रेडिओ लावणे वगैरे. बटणांच्या जुन्या व्होल्व्होत ती 10 सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. काचेच्या पडद्याच्या नव्या गाड्यांपैकी सर्वांत मागे पडलेल्या गाडीत त्याच कामांना जवळजवळ 45 सेकंद लागले, आणि गाडी 1372 मीटर पुढे गेलेली होती. वेरूळच्या 34 लेण्यांची सगळी रांग सुमारे दोन किलोमीटरांची आहे. म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग हा मनुष्य अर्धवट नजरेने ओलांडून गेला.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी हलके मानत नाही. पहिला असा, की ही म्हाताऱ्यांची कुरकुर आहे; प्रत्येक पिढीला आपल्या तरुणपणीची बटणे गोड वाटतात. पण सेकंद कोणाच्याही पिढीचे नसतात. घड्याळ तरुणालाही तेवढेच मोजते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बटणेही अति झाली म्हणजे गोंधळ उडवतात. 2009 सालच्या पोर्श पॅनामेरात गियरच्या दोन्ही बाजूंना बटणांच्या अशा रांगा होत्या, की नवख्याने गोंधळून जावे. शिवाय पडद्यामुळे नकाशा दिसतो, गाडी मागे घेताना मागे खेळणारे मूल दिसते. तो पडदा काढून टाका असे कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. जिथे पाहणे हेच काम आहे तिथे पडदा हवाच. माझे म्हणणे एवढेच, की जे काम हाताचे आहे ते डोळ्यांच्या गळ्यात का बांधावे?

इथे वेरूळचे दहावे लेणे मला आठवते. लोक त्याला विश्वकर्मा म्हणतात, कोणी सुताराचा झोपडा म्हणतात. बुद्धाचे चैत्यगृह ते. पण वर पाहावे तर छताला दगडात कोरलेल्या बरगड्या, जणू लाकडी वासे. वासे दगडाचे, आणि त्यांच्यावर भार कसलाच नाही, कारण छत म्हणजे डोंगरच. कार्ल्याच्या लेण्यात याच जागी खरोखरीचे लाकूड बसवलेले आहे आणि ते दोन हजार वर्षे टिकून आहे. वेरूळच्या कारागिराने तेही केले नाही, लाकडाचा नुसता भास कोरला. मग ही फसवणूक झाली काय? मला तसे वाटत नाही. वासे तिथे पाहण्यासाठीच आहेत आणि पाहणाऱ्याला ते पुरेपूर मिळतात. त्यांच्यावर कोणी ओझे टाकत नाही, म्हणून ते मोडून कोणाच्या डोक्यावर पडत नाहीत. काचेवरच्या बटणाची गोष्ट वेगळी आहे. तेही बटणाचा भासच. पण त्याच्यावर आपण काम टाकतो. बटणाचे चित्र डोळ्यांना समजते, बोटांना नाही. बोटाला कड लागत नाही, खळगा लागत नाही, दाबले गेले की नाही हे कळत नाही. म्हणून हाताने केलेले काम तपासायला पुन्हा डोळ्यांनाच धावावे लागते. अनुकरण हा दोष नव्हे. ज्याच्यावर भार टाकायचा त्याचे नुसते चित्र काढून देणे, हा दोष.

कैलासाची गोष्ट याहून पुढची आहे. जुन्या मराठी कथेत असे आहे, की राणीने शिवाला नवस केला, देवळाचे शिखर पाहीन तेव्हाच अन्न घेईन. आता देऊळ पायापासून बांधायचे तर शिखर दिसायला वर्षे लागणार. पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने डोंगराच्या माथ्यापासून कोरायला सुरुवात केली. शिखर आधी, पाया शेवटी. कथा राहू द्या. पण आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी ज्याचा संबंध जोडला जातो ते हे देऊळ वरून खाली कोरत आणले, हे अभ्यासकही मानतात. या रीतीत एक भयंकर अट आहे. काढलेला दगड परत लावता येत नाही. हत्ती कुठे उभा राहणार, खांब कुठे येणार, हे छिन्नी उचलण्याआधी ठरवावे लागते. ठरवण्याचे ओझे कारागिराने स्वतःच्या डोक्यावर घेतले, म्हणून आपण आज तिथे निश्चिंत मनाने हिंडतो.

बटण हेही एका अर्थी दगडासारखेच असते. त्याला साचा लागतो, तार लागते, जागा लागते, पैसा लागतो. जागा थोडी म्हणून बनवणाऱ्याला विचार करावा लागतो: चालत्या गाडीत माणसाला कशाकशाची गरज पडेल? कोणती वस्तू हाताशी हवी, कोणती दूर चालेल? पडद्याने या विचारातून त्याची सुटका केली. सारेच आत टाका, चित्रे मागाहून बदलता येतील, चुकले तर पुढच्या वर्षी दुरुस्त करू! म्हणजे जो निर्णय कारखान्यातल्या टेबलाशी, दिव्याच्या उजेडात, चहाचा पेला बाजूला ठेवून घ्यायचा, तो पुढे ढकलला गेला चालकावर, आणि तोही घाटाच्या वळणावर. चालकाने तो ढकलला कडेने चालणाऱ्या बाईवर. कारण चालकाची नजर जेवढा वेळ काचेवर असते तेवढा वेळ सांभाळून चालण्याची जबाबदारी तिची होते. तिने ही गाडी घेतलेली नाही, ती कधी घेणारही नाही, आणि तिला कोणी विचारलेलेही नाही.

म्हणून हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. गाडीचा रंग हा आवडीचा प्रश्न. आसनाला चामडे की कापड, हाही आवडीचा. पण चालत्या गाडीत चालकाची नजर ही त्याच्या एकट्याच्या मालकीची नसते. ती रस्त्यावरच्या सगळ्यांची ठेव असते, त्याच्याकडे सांभाळायला दिलेली. आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत 32 हजारांहून अधिक केवळ पायी चालणारी होती. ती सगळी पडद्याने मारली असे मी म्हणत नाही. कारणे अनेक असतात. परंतु ज्या देशात रस्त्याच्या कडेला एवढी माणसे चालतात तिथे नजरेची उधळपट्टी करणारे यंत्र बनवताना हात थोडा कापला पाहिजे.

समुद्रावरचे उदाहरण याहून कडू आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेच्या ‘जॉन एस. मॅकेन’ या युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि 10 खलाशी मृत्युमुखी पडले. चौकशीत थकवा निघाला, अपुरे शिक्षण निघाले. त्याबरोबर हेही निघाले, की वेग आणि दिशा सांभाळण्यासाठी बसवलेल्या स्पर्शाच्या पडद्यांनी गोंधळात भर घातली होती. 2019 साली त्या आरमाराने जहाजांचा वेग सांभाळायला पुन्हा हाताचे दांडे बसवायचे ठरवले. जगातले सर्वांत श्रीमंत आरमार दांड्याकडे परतते, तेव्हा त्याला जुन्याचा मोह म्हणता येत नाही.

मोटारींच्या जगातही वारा फिरू लागला आहे, ही समाधानाची गोष्ट. गाड्यांच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपातल्या संस्थेने 2026 पासून असे धरले आहे, की वळण्याचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि संकटात मदत मागण्याची कळ या पाच गोष्टींना हाताला लागणारी कळ नसेल तर पुरे गुण मिळायचे नाहीत. फेरारीने 2025 सालच्या अमाल्फी या गाडीत स्टिअरिंगवर पुन्हा खरी बटणे आणली. 2024 च्या बुगाटी तूरबियोंमध्ये तर चालकापुढे घड्याळजींच्या हातची काट्यांची तबकडी आहे, आणि पडदा हवा असेल तेव्हाच वर येतो.

आनंद वाटतो, पण त्यात एक खंतही आहे. बुगाटीचा काटा कुणासाठी फिरतो? ज्याला काहीही विकत घेता येते त्याने पहिल्याने बटण विकत घेतले. साध्या गाड्यांत मात्र पडदा मोठा होत चालला आहे, कारण तो आता बटणांपेक्षा स्वस्त पडतो आणि दुकानात झळकतो. हाताला लागणारा खटका हा जर श्रीमंतांचा शौक ठरला, तर वेरूळच्या रस्त्याने चालणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? तिच्या अंगावरून फेरारी क्वचितच जाते. तिच्या अंगावरून आपल्याच गाड्या जातात. अशक्य मात्र काही नाही. 2025 साली भारतात आलेल्या आणि शेंद्र्यालाच जुळणाऱ्या कोडियाकमध्ये मोठ्या पडद्याच्या खाली हाताने फिरवायच्या तीन गोल खुंट्या ठेवल्या आहेत. पडदा आणि खुंटी शेजारी नांदू शकतात. बनवणाऱ्याने तेवढा विचार करायचा असतो, आणि घेणाऱ्याने तो मागायचा असतो.

पाडव्याच्या मुहूर्तावर पुष्कळ घरी नवी गाडी येईल. दुकानदार पडदा दाखवील, त्यावरचे रंग दाखवील, मुले हरखून जातील. हरखू द्यावे, सणाचे दिवस आहेत. घरातल्या चालवणाऱ्याने मात्र एवढे करावे. गाडी उभी असताना आत बसावे, डोळे मिटावेत आणि नुसत्या हाताने वायपर लावून पाहावा, काचेवरचे धुके घालवून पाहावे, गारवा कमी करून पाहावा. हाताला सापडले तर गाडी घ्यावी. नाही सापडले, तर किंमत विचारण्याआधी दुकानदाराला एवढे जरूर विचारावे, की मी हे शोधत असताना रस्त्याकडे पाहायचे कोणी?